‘चौकशी सुरू आहे’ म्हणून माहिती नाकारली, तर नेमके काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपरिषदेने केलेल्या एका रस्त्याच्या कामाचे प्राकलन (खर्चाचे अंदाजपत्रक), कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची पाने, देयके आणि गुणवत्ता चाचणीचे अहवाल माहिती अधिकारात मागितले. जनमाहिती अधिकाऱ्याने एका ओळीत कळवले: ‘सदर प्रकरणी चौकशी सुरू असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.’ हे बरोबर आहे का, आणि पुढे काय करता येईल?

एवढ्याच मजकुराचा नकार अपिलात टिकू नये. चौकशी सुरू असणे ही केवळ वस्तुस्थिती आहे. ते माहिती नाकारण्याचे कारण होत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधले हे कलम म्हणते की जी माहिती दिल्याने अपराध्यांच्या तपासात, अटकेत किंवा त्यांच्यावरच्या खटल्यात अडथळा येईल, ती देणे बंधनकारक नाही. सगळा भार ‘अडथळा येईल’ या शब्दांवर आहे. माहिती तपासाशी संबंधित आहे एवढे दाखवून भागत नाही. ती दिल्याने तपास कसा अडेल हे सांगावे लागते, आणि तेही प्रत्येक कागदाबद्दल वेगळे.

दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात ३ डिसेंबर २००७ रोजी हेच स्पष्ट केले. प्राप्तिकर खात्याकडे करचुकवेगिरीची तक्रार होती, तिच्यावरच्या कारवाईची माहिती मागितली होती आणि तपास चालू असल्याचे सांगून ती नाकारली गेली. न्यायालयाने म्हटले की तपास प्रलंबित असणे हे नकाराला पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासाला बाधा कशी येईल याची समाधानकारक कारणे अधिकाऱ्याने दिली पाहिजेत. पुढे २०११ मध्ये बी. एस. माथूर प्रकरणात त्याच न्यायालयाने हा निकष पुन्हा लावला. हे निर्णय महाराष्ट्राच्या राज्य माहिती आयोगावर काटेकोर अर्थाने बंधनकारक नाहीत, पण कायदा केंद्राचा आहे, कलम तेच आहे, आणि आयोगापुढे या निर्णयांना वजन असते. अपिलात दोन्हींचा उल्लेख तारीख-वर्षासह करा.

आता हातातले नकाराचे पत्र नीट वाचा. आधी कलमाचे अक्षर पाहा. कायद्याच्या मराठी पाठातला (ज) म्हणजे इंग्रजीतला ‘एच’, तपासाचा. पण पुष्कळ कार्यालयांत इंग्रजीतल्या ‘जे’लाही ‘ज’च लिहितात, आणि ‘जे’ हा वैयक्तिक माहितीचा खंड आहे, मराठी पाठात (ञ). नकार नक्की कोणत्या खंडाखाली आहे हे संदिग्ध असेल तर अपिलात दोन्हींना उत्तर द्या. नाहीतर सुनावणीत अधिकारी ‘आम्हाला दुसरा खंड अभिप्रेत होता’ म्हणून निसटतो.

मग कलम ७(८) लावून बघा. नकाराच्या पत्रात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील. कलमाचा क्रमांक लिहिणे म्हणजे कारण देणे नव्हे. चौकशी कोण करतो आहे, कोणत्या कायद्याखाली किंवा नियमाखाली, कोणत्या तारखेच्या आदेशाने, ती कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोणता कागद बाहेर गेल्याने काय बिघडेल, यातले काहीच पत्रात नसेल तर ते अपिलाचा पहिला मुद्दा म्हणून मांडा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. अडथळा येईल की नाही हे ठरवण्याइतकी माहिती जनमाहिती अधिकाऱ्याकडे असते का? तपास पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करत असेल, तर नगरपरिषदेतल्या बांधकाम शाखेच्या माणसाला तपासाची दिशा माहीत असण्याचे कारण नाही. त्याने तपासी अधिकाऱ्याचे लेखी मत मागवले होते का? मागवले असल्यास त्या पत्राची प्रत मागा. नसल्यास अडथळ्याचा निष्कर्ष कशावरून काढला, हे नस्तीतल्या (फाइलमधल्या) टिपणीसह दाखवायला सांगा. बहुतेक नकार या एका प्रश्नाशीच अडखळतात, कारण नस्तीत काहीच नसते.

आता गाभ्याचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. चौकशीच्या आधीपासून असलेले कागद आणि चौकशीमुळे तयार झालेले कागद यांत फरक करा. प्राकलन, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, देयके, चाचणी अहवाल हे सगळे कामाच्या ओघात तयार झाले. ज्यांच्यावर संशय आहे त्यांनीच ते लिहिले, त्यावर सह्या केल्या. त्यांतला मजकूर त्यांना आधीच ठाऊक आहे. तो नागरिकाला कळल्याने संशयित सावध होईल, असे म्हणायला जागा नाही. उलट साक्षांकित प्रती बाहेर असल्या, तर मूळ कागदांत नंतर फेरफार करणे अवघड होते. म्हणजे प्रत देण्याने तपासाला मदतच होते. हा युक्तिवाद अपिलात जसाच्या तसा वापरा.

चौकशीतून तयार झालेले कागद वेगळे: साक्षीदारांचे जबाब, चौकशी अधिकाऱ्याच्या टिपण्या, प्रश्नावल्या, अंतरिम अहवाल. इथे नकार पुष्कळदा योग्य असतो आणि तो मान्य करावा. साक्षीदारांचे जबाब आधीच बाहेर गेले तर त्यांच्यावर दबाव येऊ शकतो, पुढचे साक्षीदार जुळवून बोलू शकतात. खबर देणाऱ्याची ओळख उघड होत असेल तर खंड (छ), म्हणजे इंग्रजीतला ‘जी’, लागू होतो आणि तो योग्यच आहे. पोलिसांची केस डायरी मागण्यात तर वेळ घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ प्रमाणे ती आरोपीलाही सहसा मिळत नाही. फरारी आरोपी, होऊ घातलेली झडती, प्रयोगशाळेकडे गेलेले नमुने यांबद्दलची माहितीही थांबवणे रास्त आहे.

या दोहोंच्या मध्ये तिसरा गट आहे आणि तो लोक विसरतात: चौकशीच्या प्रगतीची माहिती. चौकशीच्या आदेशाची प्रत, चौकशी अधिकाऱ्याचे पदनाम, ठरवून दिलेली मुदत, मुदतवाढीची पत्रे, आजवर झालेल्या सुनावण्यांच्या तारखा, अहवाल सादर झाला असल्यास त्याची तारीख. यांतल्या कशानेही तपास अडत नाही. पण यातून हमखास कळते की चौकशी खरोखर चालू आहे की फक्त कागदावर उघडी ठेवली आहे. आदेश दोन वर्षांपूर्वीचा, मुदत तीन महिन्यांची, सुनावणी एकही नाही, असे उत्तर आले तर ‘चौकशी सुरू आहे’ हा बचाव कार्यालयाच्याच कागदाने संपतो.

म्हणून एकाच अर्जात सगळे कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. तीन स्वतंत्र अर्ज करा: पहिला कामाच्या मूळ कागदांसाठी, दुसरा चौकशीच्या प्रगतीसाठी, तिसरा हवाच असेल तर अहवालासाठी. एकत्र अर्जात सगळ्यात नाजूक कागदाचे कारण दाखवून सगळाच अर्ज नाकारला जातो. वेगळ्या अर्जात ती सोय राहत नाही. पहिल्या अर्जात ‘चौकशी’, ‘भ्रष्टाचार’, ‘तक्रार’ हे शब्द लिहूच नका. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नसते. कामाचे नाव, प्रभाग, आर्थिक वर्ष आणि कागदांची नावे, एवढेच लिहा.

रस्त्याचे काम असेल तर आणखी एक हक्क लक्षात ठेवा. या कायद्यात सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. शिवाय कागदांचे प्रत्यक्ष अवलोकन मागता येते आणि महाराष्ट्रात पहिल्या तासाला त्याचे शुल्क नाही. मोजमाप पुस्तक आधी डोळ्यांनी पाहून हवी ती पाने निवडली, तर प्रतीमागे २ रुपयांप्रमाणे खर्चही आटोक्यात राहतो.

तोच कागद दुसऱ्या कार्यालयातही असतो, हेही विसरू नका. तांत्रिक मान्यता देणाऱ्या कार्यालयाकडे प्राकलन असते, चाचणी करणाऱ्या शासकीय प्रयोगशाळेकडे किंवा तंत्रनिकेतनाकडे अहवालाची प्रत असते, अनुदान आले असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेकडे उपयोगिता प्रमाणपत्र असते, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेकडे आक्षेप असतात. तिकडे वेगळे अर्ज टाका. एका कार्यालयाने दिलेला कागद दुसऱ्याने गोपनीय म्हणून अडवला, तर अपिलात तो विरोधाभास फार उपयोगी पडतो.

‘मूळ कागद पोलिसांनी जप्त केले आहेत’ हे उत्तरही नेहमी येते. तसे असेल तर जप्ती पंचनाम्याची किंवा हस्तांतराच्या यादीची प्रत मागा, आणि कार्यालयाने स्वतःकडे ठेवलेल्या छायाप्रतींतून माहिती द्यावी असे म्हणा. छायाप्रतीही नसतील, तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज ज्या प्राधिकरणाकडे कागद आहे त्याच्याकडे ५ दिवसांत वर्ग करायला हवा होता. तो का केला नाही, हा अपिलाचा मुद्दा. आणि जप्तीच्या यादीत नसलेला कागद कार्यालयातही सापडत नसेल, तर तो गहाळ आहे असे लेखी घ्या. ‘सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याचे कलम नाही. कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करण्याचे आदेश देता येतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वास भांबुरकर प्रकरणात २०१३ मध्ये म्हटले आहे, आणि महाराष्ट्रात शासकीय अभिलेखांबाबत महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे.

प्रकरण ‘न्यायप्रविष्ट’ आहे, हेही असेच सैलपणे वापरले जाणारे कारण. कायद्यात ‘न्यायप्रविष्ट’ असा अपवादच नाही. खंड (ख) सांगतो की न्यायालयाने स्पष्टपणे मनाई केलेली किंवा दिल्याने न्यायालयाचा अवमान होईल अशी माहिती देऊ नये. मनाईचा आदेश कोणत्या तारखेचा, याची प्रत मागा. मात्र न्यायालयाच्याच दप्तरातले कागद हवे असतील तर माहिती अधिकाराच्या मागे लागू नका. न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नकलेचा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात तोच मार्ग सांगितला आहे.

विभागीय चौकशीबद्दल थोडे सावध राहा. मराठीत आपण चौकशी आणि तपास हे शब्द सैलपणे वापरतो. शिस्त व अपील नियम, १९७९ खाली होणारी कर्मचाऱ्याची विभागीय चौकशी आणि गुन्ह्याचा पोलीस तपास या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खंड (ज) मध्ये ‘अपराधी’ हा शब्द आहे. तरीही दक्षता किंवा विभागीय चौकशीलाही हा खंड लावणारे निर्णय आहेत, म्हणून अपिलाचा सगळा डोलारा या फरकावर उभारू नका. तो दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा ठेवा. पहिला मुद्दा ‘अडथळा कसा’ हाच. कर्मचाऱ्याच्या कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश मागितले तर गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निर्णय दाखवून ते वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. नोव्हेंबर २०२५ पासून डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचा हा खंड (ञ) आणखी रुंद केला आहे आणि पूर्वी त्याच खंडात असलेली व्यापक जनहिताची सवलत गेली आहे. पण कलम ८(२) शाबूत आहे: माहिती उघड करण्यातले जनहित संभाव्य हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. हा मुद्दा घ्यायचा असेल तर मात्र जनहित कोणते ते सांगावेच लागते. कागद माणसाबद्दल न मागता कामाबद्दल मागणे, हा यातला सगळ्यात सुरक्षित मार्ग.

आता पहिले अपील. नकार हाती पडल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे अपिलाला शुल्क नसते. टपालाने आलेल्या नकाराचे पाकीट जपून ठेवा, कारण पत्रावरची तारीख आणि टपालाचा शिक्का यांत कधी कधी दोन आठवड्यांचे अंतर असते आणि मुदत पत्र मिळाल्यापासून मोजायची असते. उत्तरच आले नसेल तर अर्जाचे ३० दिवस संपल्यावर कलम ७(२) प्रमाणे तो नकार धरून अपील करा, आणि कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य मागा.

अपिलातला मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘जनमाहिती अधिकाऱ्यांनी दि. … च्या पत्राने कलम ८(१)(ज) चा केवळ उल्लेख करून माहिती नाकारली आहे. माहिती दिल्याने तपासात कोणता अडथळा येईल हे नमूद केलेले नाही, त्यामुळे कलम ७(८) चे पालन झालेले नाही. मागितलेली कागदपत्रे चौकशी सुरू होण्यापूर्वीची असून कामाच्या नियमित ओघात तयार झालेली आहेत. कलम १९(५) नुसार नकार समर्थनीय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जनमाहिती अधिकाऱ्यांची आहे. काही भाग अपवादात येत असल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी. तपासी अधिकाऱ्यांचा अभिप्राय घेतला असल्यास त्याची प्रत सुनावणीपूर्वी मिळावी.’

एवढे पुरे. पाच-सहा पानांचे अपील, त्यात अधिकाऱ्यांवरचे आरोप आणि प्रकरणाचा इतिहास लिहिला की ‘अडथळा कसा’ हा एकच प्रश्न बाजूला पडतो आणि सुनावणी भलतीकडे जाते. शास्तीची (अधिकाऱ्याला दंडाची) मागणी पहिल्या अपिलात करू नका, तो अधिकार फक्त आयोगाला आहे. अपिलीय अधिकाऱ्याने ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

दुसरे अपील ९० दिवसांत, जोडपत्र ‘क’ मध्ये, पुन्हा २० रुपयांच्या स्टँपसह, तुमच्या विभागाच्या राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. इथे एक चूक महागात पडते: संतापाच्या भरात कलम १८ खाली तक्रार दाखल केली जाते. सर्वोच्च न्यायालयाने मणिपूर प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे की कलम १८ च्या तक्रारीत आयोग शास्ती लावू शकतो, पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. कागद हवा असेल तर कलम १९(३) चे अपीलच हवे. त्यात माहिती आणि कलम २० ची शास्ती, दिवसाला २५० रुपये व कमाल २५,००० रुपये, दोन्ही मागता येतात.

पोलीस ठाण्यातल्या स्वतःच्या तक्रारीबद्दल असाच नकार आला असेल, तर माहिती अधिकारापेक्षा जवळचे मार्ग आहेत. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आधी तेच लेखी मागा. गुन्हा न नोंदवता ‘प्राथमिक चौकशी सुरू आहे’ असे महिनोन्‌महिने सांगत असतील, तर विचारा की ही चौकशी कलम १७३(३) खालची आहे का आणि उपअधीक्षकांची परवानगी कोणत्या तारखेची आहे. ती चौकशी फक्त तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत आणि १४ दिवसांपुरतीच करता येते.

दोषारोपपत्र दाखल झाले की तपासाचा अडथळा बराचसा संपतो, पण खंडात ‘खटला’ हा शब्दही आहे, म्हणून नकार आपोआप रद्द होत नाही. दाखवण्याची जबाबदारी मात्र तीच राहते. ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, न्यायालयाने मान्य केली, किंवा विभागीय चौकशीवर अंतिम आदेश झाला, तर अडथळा यायला काही उरत नाही. आयोगाकडची तारीख लागायला वेळ जातो. तोवर दर तीन-चार महिन्यांनी प्रगतीचा १० रुपयांचा अर्ज टाकत राहा. नकार त्या दिवसाच्या स्थितीपुरता असतो, आणि त्याच कागदासाठी नवा अर्ज करायला कायद्याची मनाई नाही. नव्या अर्जात जुन्या नकाराचा जावक क्रमांक लिहा, चौकशी संपल्याची तारीख विचारा, आणि त्या उत्तराची प्रत प्रलंबित दुसऱ्या अपिलाला पूरक म्हणून जोडून आयोगाच्या आवक शाखेतून पोच घ्या.